जुना कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम पंप: काटा सारखाच, काम वेगळं

नाशिकच्या आयटीआय सिग्नलजवळून एमआरएसीचा (फ्रिज-एसी मेकॅनिकचा) ट्रेड पुरा करून निघालेली मुलं एखाद-दोन वर्षं कुणाच्या हाताखाली काढतात आणि मग स्वतःचं काम सुरू करतात. हत्यारांची यादी करताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आहे की माझ्याकडे. व्हॅक्यूम त्यानंच मारतो, पंप पुढच्या सीझनला बघू." व्हॅक्यूम मारणं म्हणजे गॅस भरण्याआधी पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणं. फ्लेअरिंग टूल, पाइप कटर, क्लॅम्प मीटर, गेज मॅनिफोल्ड (दाब दाखवणाऱ्या गेजचा संच) यांवर कुणी वाद घालत नाही. पैसे कमी पडले की कात्री लागते ती पंपाला. माझं मत उलटं आहे. पंप पहिल्या दिवशी घ्या, बाकीचं हवं तर मागे ठेवा.

गोंधळ होतो तो गेजमुळे. दोन्ही यंत्रांना चार्जिंग लाइन जोडली की लो साइडचा (कमी दाबाच्या गेजचा) काटा शून्याखाली जातो आणि जवळपास एकाच जागी थांबतो. मग फरक काय, असं कुणालाही वाटेल.

गेजवर शून्याखाली 30 इंच छापलेलं असतं. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती इंच पाऱ्यानं कमी झाला, हे काटा दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवेचाच दाब साधारण 28 इंच पाऱ्याइतका. म्हणजे जगातला उत्तम पंप लावला तरी आपल्याकडे काटा 28 च्या खाली जाणार नाही. हे माहीत नसल्यानं काही जण चांगल्या पंपाला नावं ठेवतात, तर काही जण गेजचा स्क्रू फिरवून काटा 30 वर आणतात. तसं कधीही करू नका.

आता काटा 27 वर थांबला असं धरा. एकच इंच कमी, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा फरक. पण आत अजून वीस हजार मायक्रॉनच्या (मायक्रॉन हे दाबाचं अगदी बारीक माप) वर दाब शिल्लक असतो आणि त्या दाबाला पाणी साधारण 23 अंशांना उकळतं. एप्रिलच्या दुपारी पाइपमधली ओल कशीबशी निघेलही. डिसेंबरच्या सकाळी निफाडकडे पारा दहाच्या खाली गेलेला असताना तेच पाणी पाइपमध्ये पाणी म्हणूनच राहील. एसीच्या कामात 500 मायक्रॉनपर्यंत उतरण्याचा जो आग्रह धरतात, तो यासाठीच. त्या दाबाला शून्याखाली 20 अंशांवरही ओल टिकत नाही.

फ्रिजचा कॉम्प्रेसर तिथवर का पोहोचत नाही? पिस्टन वर गेला तरी व्हॉल्व्ह प्लेटपाशी थोडी जागा उरतेच. तिथे अडकलेली हवा पिस्टन खाली येताना पुन्हा पसरते आणि नवी हवा आत यायला वाव राहत नाही. शिवाय पातळ पत्र्याचा व्हॉल्व्ह उघडायलाही थोडा दाब लागतो. दोन टप्प्यांच्या रोटरी पंपात तेलाचा थर ही फट बुजवतो आणि पहिल्या टप्प्यानं सोडलेलं दुसरा टप्पा ओढतो. कॉम्प्रेसरची मोटार तर परत येणाऱ्या गॅसवरच गार होते. गॅसच नसेल तर ती तापत जाते आणि तिचं तेल ओल पिऊन बसतं.

सुरुवातीच्या काळात पंचवटीतल्या एका डेअरीच्या डीप फ्रीझरला मी असाच जुना कॉम्प्रेसर लावून अर्धा तास व्हॅक्यूम मारला होता. काटा नेहमीच्या जागी होता, गॅस भरला, मशीन गार झालं. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन: "भाऊ, सकाळी बरं असतं, दुपारी आइस्क्रीम पातळ होतंय." जाऊन पाहिलं तर कॉम्प्रेसर चालू, पण इव्हॅपोरेटरकडे (आतल्या गार होणाऱ्या कॉइलकडे) काहीच आवाज नाही. कॅपिलरी (गॅस आत सोडणारी बारीक नळी) जिथे आत उघडते तिथे गरम पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळलं. दोनेक मिनिटांत सुस्स आवाज आला आणि पाइपवर दव धरू लागलं. आत राहिलेलं थेंबभर पाणी कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत होतं. गॅस काढला, ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) बदलला, दुसऱ्याचा पंप आणून पुन्हा पहिल्यापासून काम केलं. डेअरीवाल्यांचा माल गेला तो गेलाच.

एसीमध्ये बर्फाचा चोक (बर्फानं नळी बंद होणं) सहसा होत नाही, म्हणून चूक लवकर कळत नाही. आर 32 आणि आर 410 ए या गॅसच्या बहुतेक मशीनमध्ये पीओई (एक कृत्रिम) तेल असतं. ते पाणी ओढून घेतं, पाण्याबरोबर त्याचं आम्ल होतं आणि ते मोटारीचं वाइंडिंग खातं. कॉम्प्रेसर जळतो तेव्हा बसवणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षातही नसतं. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात तोंड बंद न करता ठेवलेली कॉपर पाइप वापरली तर धोका आणखी वाढतो.

एक गोष्ट जिवाची. आर 290 आणि आर 600 ए हे गॅस पेट घेतात, आर 32 सुद्धा थोडाफार पेटतो. जुन्या कॉम्प्रेसरच्या उघड्या रिलेवर ठिणगी पडते. अशा लाइनला तो जोडूच नका, आणि पंप घेतानाही तो ज्वलनशील गॅसला चालतो का, हे दुकानात विचारा.

त्याच कॉम्प्रेसरनं हवा भरून लीक बघतात, तेही नको. त्यानं ओली हवा आणि तेल लाइनमध्ये जातं. लीक टेस्टला रेग्युलेटर लावलेला नायट्रोजन वापरा.

एक-दीड टनाच्या स्प्लिटला 3 सीएफएमचा (मिनिटाला 3 घनफूट हवा ओढणारा) दोन टप्प्यांचा पंप पुरतो. पंपाच्या काचेत तेल दुधाळ दिसलं की त्यानं ओल ओढली, लगेच बदला. पावसाळ्यात ही वेळ लवकर येते. हाती पैसे आले की मायक्रॉन गेज घ्या आणि ते पंपाजवळ न लावता लाइनच्या लांबच्या टोकाला लावा. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं आकडा बघा. थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. चढतच राहिला तर कुठेतरी लीक आहे, फ्लेअर (पाइपचं जोडासाठी पसरवलेलं तोंड) पुन्हा करायला घ्या.