अधिवृक्क ग्रंथींना रजोनिवृत्ती नसते

गणपतीसाठी मुंबईहून गुहागरला आलेल्या शेजारच्या लेकीने आईसाठी गोळ्यांची एक बाटली आणली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘ॲड्रिनल सपोर्ट’ असे छापलेले होते. काकूंची पाळी जाऊन सहा वर्षे झाली आहेत. दुपारी पडवीत सुपारी सोलता सोलता त्या गळून जातात आणि रात्री घामाने झोप मोडते ती पहाटेपर्यंत लागत नाही. पाळी गेली म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या सगळ्याच ग्रंथी थकतात, अशी लेकीची समजूत होती.

प्रत्यक्षात रजोनिवृत्तीत काम आटोपते घेतात ती बीजांडे तयार करणारी अंडाशये. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, प्रत्येकी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड द्यायला लागणारे हॉर्मोन पूर्वीसारखेच स्रवत राहतात. उलट पाळी गेल्यावर शरीरात जे थोडे इस्ट्रोजेन उरते, ते मुख्यतः याच ग्रंथींनी पुरवलेल्या कच्च्या मालापासून चरबीच्या पेशींत तयार होते. डीएचईए हे त्यांचे एक हॉर्मोन वयानुसार घटते आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत तारुण्यातल्या पातळीच्या १० ते २० टक्क्यांवर येते हे खरे, पण ही घट पुरुषांतही होते. डीएचईएच्या गोळ्यांनी अशा स्त्रियांचे जीवनमान सुधारल्याचे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे तोवरच्या चाचण्यांच्या एकत्रित पडताळणीत, दिसले नाही. चेहऱ्यावर मुरमे मात्र येऊ शकतात.

‘अधिवृक्क थकवा’, म्हणजे या ग्रंथी थकल्यामुळे माणूस गळून जातो, हे निदानही असेच कच्चे आहे. ब्राझीलच्या दोन संशोधकांनी २०१६ साली ५८ अभ्यास तपासले, तेव्हा अशा आजाराला आधार सापडला नाही. मग अशा गोळ्यांनी तरतरी का वाटते? अमेरिकेत २०१८ मध्ये अशी १२ पूरके तपासली गेली, तेव्हा बाराही पूरकांत टी-३ हे थायरॉइडचे हॉर्मोन निघाले आणि बहुतेकांत एखादे स्टेरॉइड हॉर्मोनही होते. बाहेरून आलेल्या थायरॉइडच्या हॉर्मोनने काही काळ उत्साह वाटू शकतो, परंतु मात्रा जास्त झाली तर छातीत धडधडते आणि रजोनिवृत्तीनंतर आधीच विरळ होत चाललेली हाडे आणखी झिजतात.

स्टेरॉइडचा धोका वेगळा आणि अधिक गंभीर आहे. कॉर्टिसॉलसारखे औषध बाहेरून पुरेशा मात्रेत मिळत राहिले, की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हा निरोप धाडणे कमी करते आणि निरोपाअभावी अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. गुडघेदुखीवरच्या निनावी पुड्यांतही अनेकदा स्टेरॉइडच मिसळलेले असते. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद केली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण दगावूही शकतो. म्हणजे नसलेल्या आजाराच्या उपचारातून खरा आजार ओढवतो.

या ग्रंथी खरोखर निकामी होतात तो ॲडिसनचा आजार; थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक जुने कारण आहे. वजन घटते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, मीठ खावेसे वाटते. येथे एसीटीएच कमी होण्याऐवजी भरमसाट वाढते आणि त्वचेतील रंगपेशींना चेतवते, त्यामुळे तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. कोकणात नेमकी हीच खूण नजरेतून निसटू शकते. ओले काजूगर सोलणाऱ्या बाईची बोटे चिकाने काळी पडलेलीच असतात आणि मिश्री लावणारीच्या काळ्या हिरड्यांकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. काजूचा डाग मात्र हंगाम संपल्यावर कातडीबरोबर सुटून जातो. आगोटीनंतरही, म्हणजे पावसाळा लागल्यावरही, हातांच्या रेषा काळ्याच राहिल्या आणि अंगातले त्राण जात असेल, तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल तपासावे. वेळ महत्त्वाची, कारण ते पहाटे चढते आणि रात्री उतरते.

काकूंच्या तळहातांवर तसे काही नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून यायला सांगितले आहे, आणि बाटली सील न फोडताच फडताळात पडून आहे.