पिस्तुलातील स्प्रिंग आणि केळीच्या ट्रकचे पाटे

रावेरहून केळी भरून निघणाऱ्या ट्रकचे कमानपाटे भरल्या गाडीच्या वजनाला साजेसे असतात, म्हणूनच तो ट्रक रिकामा परतताना प्रत्येक खड्ड्यात आदळत जातो. पाटा योग्य की अयोग्य, हे त्यावर पडणारा भार ठरवतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरून घेणाऱ्या पिस्तुलात, मागे सरकलेला भाग पुन्हा पुढे आणणाऱ्या स्प्रिंगलाही हाच नियम लागू आहे. आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे तयार होत असल्याने आपल्या खान्देशाला हा विषय परका नाही.

जोरकस स्प्रिंग बसवली की हाताला बसणारा धक्का कमी होतो, हा समज मुळातच दुरुस्त करायला हवा. १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल पाहा. त्याची गोळी सुमारे १५ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने सुटते, म्हणजे तिचा संवेग (वजन गुणिले वेग) ३.७५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो, शिवाय नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंची त्यात भर पडते. हा संवेग कोणत्याही स्प्रिंगने घटत नाही. तो हातापर्यंत किती वेळात आणि कोणत्या टप्प्यांनी पोहोचावा, एवढेच तिच्या हाती असते.

ढोबळ हिशेब करू. गोळी सुटताच मागे सरकणाऱ्या स्लाइडचे (नळीवरच्या सरकत्या भागाचे) आणि नळीचे वजन मिळून अर्धा किलो धरले, तर त्यांचा वेग सेकंदाला साडेसात मीटर आणि ऊर्जा सुमारे १४ ज्यूल येते. या पिस्तुलाची मूळ स्प्रिंग पूर्ण दाबली असता सुमारे १६ पौंड, म्हणजे सात किलोहून थोडा अधिक, जोर लावते. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे हा जोर दाबाबरोबर वाढत जातो. त्याची सरासरी ५० न्यूटन आणि स्लाइडचा प्रवास ५ सेंटीमीटर मानला, तर स्प्रिंगमध्ये जेमतेम अडीच ज्यूल साठतात. उरलेल्या ऊर्जेतील काही घोडा चढवण्यात आणि घर्षणात जाते, पण बराच भाग स्लाइड शेवटी ढाच्यावर (हातात धरलेल्या सांगाड्यावर) आदळते तेव्हाच खर्च होतो, आणि नेमबाजाला तो तीक्ष्ण ठोका म्हणून जाणवतो.

स्प्रिंग जोरकस केली की हा ठोका सौम्य होतो, परंतु साठलेली ऊर्जा परतताना स्लाइड अधिक वेगाने पुढे येते आणि पिस्तुलाचे तोंड खाली झुकते. मला हा परतीचा प्रवास अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण दुसरी गोळी नेमकी कुठे लागेल हे बरेचसे त्यावर अवलंबून असते. काडतूस सौम्य असेल, तर अशा स्प्रिंगपुढे स्लाइड पुरती मागे जातच नाही आणि रिकामे टरफल आत अडकते. हीच ती रिकाम्या ट्रकची अवस्था. उलट स्प्रिंग फार मऊ असेल, तर ढाच्यावर आघात वाढतात आणि नवे काडतूस नळीत पुरते बसवण्याइतका जोर कधीकधी उरत नाही. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे ठेवण्याच्या पेटीच्या, स्प्रिंगलाही त्याच अल्पावधीत पुढचे काडतूस वर उचलायचे असते, त्यामुळे एक स्प्रिंग बदलताना दुसरीचा विचार करावाच लागतो.

मनगट सैल असले तर ढाचाही स्लाइडबरोबर मागे जातो, स्प्रिंग पुरती दाबली जात नाही आणि निर्दोष पिस्तूलही अडकते. शिवाय हजारो वेळा दाबली गेलेली स्प्रिंग हळूहळू आखूड होत जाते. म्हणून जाणकार ती नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी पाहतात, जसा गॅरेजमधला मिस्तरी बसलेला पाटा नव्या पाट्याशी ताडून पाहतो.