सत्तर मिलीसेकंदांचं इंग्रजी

कॉलेज रोडवरच्या एका खांबावर परवा पाटी दिसली : '21 दिवसांत ब्रिटिश उच्चार!' त्याच संध्याकाळी निफाडकडच्या झेडपी शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण घरी आली, ती शिक्षक प्रशिक्षणातला नेहमीचा वाद घेऊनच. निम्मे गुरुजी म्हणत होते, उच्चार साहेबासारखाच हवा, नाहीतर पोरं मुलाखतीत मागे पडतात. उरलेले म्हणत होते, समोरच्याला समजलं की झालं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्यामुळे वाद चांगलाच मुरलेला आहे. पण 'साहेबासारखा' म्हणजे नेमका कसा, हे चक्क मोजता येतं.

हाताची पाठ तोंडासमोर धरा. 'ताट' म्हणा, मग 'थाट' म्हणा. दुसऱ्या वेळी हातावर वाऱ्याची झुळूक लागेल. शाळेत अल्पप्राण-महाप्राण म्हणून घोकलं ते हेच. जिभेने अडवलेली हवा सुटते आणि त्यानंतर स्वरतंतू कंप पावू लागतात; या दोहोंमधल्या वेळेला आपण 'विलंब' म्हणू. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी 1964 साली अकरा भाषांमधला हा विलंब मोजला, आणि त्या अकरांत मराठीही होती! इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या 'टी'चा विलंब निघाला सुमारे 70 मिलीसेकंद, 'डी'चा 5च्या आसपास. आपल्या 'ट'चाही विलंब असाच थोडका, म्हणजे तो बसतो साहेबाच्या 'डी'च्या मांडीला मांडी लावून. म्हणून आपलं 'टेन' त्याला कधी कधी 'डेन' ऐकू येतं. आपल्या 'ड'मध्ये तर हवा सुटण्याआधीच कंप सुरू होतो, म्हणजे विलंब उणे. 'ढ' आणखी खट्याळ : कंप आधीपासून चालू आणि वर श्वासही, त्यामुळे या एका मोजपट्टीवर ड आणि ढ वेगळे काढताच येत नाहीत. आपल्याकडे चार खाने, इंग्रजीकडे दोनच. गंमत म्हणजे 'टॉप'मध्ये श्वास सोडणारा इंग्रज 'स्टॉप'मध्ये सोडत नाही, आणि हे त्याच्या गावीही नसतं.

हा कान घडतो कधी? वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण ओसरते. मोठेपणी सरावाने कान पुन्हा तयार करता येतो, पण वेळ लागतो. तेव्हा बाळाच्या जिभेला वेखंड उगाळून लावलं की वाणी स्वच्छ होते ही समजूत आणि ती 21 दिवसांची पाटी, दोन्ही मला एकाच माळेचे मणी वाटतात.

आता आपली द्राक्षं. नाशिकची द्राक्षं मोठ्या प्रमाणावर नेदरलँड्सला जातात, आणि डच भाषेतले प, ट, क आपल्यासारखेच अल्पप्राण! दिंडोरीचा निर्यातदार आणि रॉटरडॅमचा व्यापारी इंग्रजीत भाव ठरवतात, तेव्हा ते 70 मिलीसेकंद दोघांपैकी कुणाच्याच घरचे नसतात. साहेब त्या फोनवर नसतोच.

अशा साहेबाविना इंग्रजीसाठी जेनिफर जेन्किन्स या भाषा-अभ्यासक बाईंनी 2000 साली आवश्यक उच्चारांची यादी मांडली. 'थिंक'मधला तो जीभ दातांत धरायचा प्रकार त्यांनी वगळला. सुरुवातीच्या प-ट-कचा श्वास मात्र ठेवला, आणि स्वरांची लांबीही. (इथे आपली पंचाईत. ऱ्हस्व-दीर्घावरून शुद्धलेखनात गुण कापणारे आपण, बोलताना 'शिप' आणि 'शीप' एकाच मापाने मोजतो.) म्हणजे प्रशिक्षणातले दोन्ही गट अर्धेअर्धे बरोबर. पण मन वळणं कठीण : जेन्किन्स यांनी पुढे बारा देशांतल्या शिक्षकांना विचारलं, तर पसंतीत ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चारच वर आले.

मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी पाचवीत हातावरचा प्रयोग करून घेतला. मोबाइलवर ब्रिटिश माणसाचं 'टेन' ऐकवलं आणि मुलांना तसंच म्हणायला लावलं. मागच्या बाकावरून एक पोरगी उठली, "मॅडम, वारा तर 'ठ'ला लागतो. मग पुस्तकात 'टेन' का लिहिलंय?"