कॅलिफोर्नियातलं ट्रान्सफर: कोर्स ‘ट्रान्सफरेबल’ असणं वेगळं, ‘आर्टिक्युलेटेड’ असणं वेगळं

दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, इंजिनीअरिंगला जायचं ठरवलेल्या मुलांची गफलत बहुतेकदा एकाच जागी होते. कॅटलॉगमध्ये कोर्सपुढे ‘यूसी ट्रान्सफरेबल’ असं दिसलं की तो आपल्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, चालणारच, असं धरून नाव नोंदवलं जातं.

ट्रान्सफरेबल याचा अर्थ एवढाच, की त्या कोर्सची युनिट्स (क्रेडिट) यूसी पदवीच्या हिशेबात धरते. तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळायला अशी ६० सेमिस्टर युनिट्स (क्वार्टर, म्हणजे लहान सत्रांच्या पद्धतीच्या कॉलेजात ९०) लागतात. आर्टिक्युलेटेड म्हणजे अमुक कॉलेजचा हा कोर्स अमुक कॅम्पसच्या त्या कोर्सऐवजी चालेल, असा लेखी करार. पहिला शिक्का सगळ्या यूसी कॅम्पसना सारखाच लागू. दुसरा मात्र कॅम्पसगणिक बदलतो, आणि कुठल्या मेजरला काय लागतं तेही वेगळंच. इंजिनीअरिंगच्या अर्जात तोललं जातं ते मुख्यतः दुसरंच.

क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजातलं फिजिक्स बघा. तिथे २ए आणि ४ए अशा दोन वेगळ्या मालिका सुरू होतात, आणि दोन्ही ट्रान्सफरेबल आहेत. २ए बीजगणित-त्रिकोणमितीवर चालतो, ४ए कॅल्क्युलसवर. इंजिनीअरिंगला ४एची मालिका लागते. २ए सोपा पडेल म्हणून घेतला तर युनिट्स जमतात, पण मेजरच्या यादीतली फिजिक्सची जागा रिकामीच राहते. शिवाय नंतर ४ए केला तरी एकाच विषयाच्या दोन मालिकांचं पूर्ण क्रेडिट यूसी देत नाही.

प्रोग्रामिंगचंही तसंच. यूसीएलएचा, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसचा, कॉम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स, सीएस ३१, सी++ मध्ये आहे. पायथनचा कोर्स उत्तम शिकवलेला असेल, ट्रान्सफरेबलही असेल, पण तेवढ्याने त्याची जागा भरेल असं समजू नये.

हे सगळं ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर फुकट बघता येतं, मात्र तिथे दोन वेगळ्या याद्या असतात आणि लोक नेमकी चुकीची उघडतात. ट्रान्सफरेबल कोर्सची यादी बाजूला ठेवा. शैक्षणिक वर्ष, आपलं कॉलेज आणि कॅम्पस निवडून मेजरनिहाय करार उघडा. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. दोन कोर्समध्ये ‘अँड’ आहे की ‘ऑर’, हे डोळ्यांत तेल घालून वाचा. यूसीच्या बर्कली कॅम्पसच्या मॅथ ५४ मध्ये लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एकत्र आहेत. डी अँझात त्यासाठी मॅथ २ए आणि २बी असे दोन कोर्स आहेत. एकच केला तर ५४ पूर्ण होत नाही, अर्धाही धरत नाहीत.

मालिका शक्यतो एकाच कॉलेजात संपवावी. क्वार्टरच्या कॉलेजात पहिला भाग आणि सेमिस्टरच्या कॉलेजात दुसरा, असं केलं की मधले धडे गळतात किंवा दोनदा येतात, आणि करार बहुधा अख्ख्या मालिकेचा असल्यामुळे तुकड्यांना जागा मिळत नाही. उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात एखादा कोर्स उरकून घेऊ म्हणणारे इथेच अडकतात.

वेळेचा हिशेब गणितावरून करायचा. सेमिस्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलसचे तीन कोर्स आणि पुढचं डिफरन्शियल इक्वेशन्स बहुधा एकामागून एकच घ्यावे लागतात, म्हणजे चार सेमिस्टर. फिजिक्सही त्यांच्या मागोमागच चालतं. सुरुवात प्रीकॅल्क्युलसपासून, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितापासून, असेल तर दोन वर्षं पुरत नाहीत; उन्हाळी सत्र धरावं लागतं किंवा मुक्काम वाढतो. यादीतले कोर्स बहुतेक कॅम्पसना ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंग सत्रापर्यंत पूर्ण झालेले हवे असतात, तेही ‘सी’ किंवा वरच्या ग्रेडने.

जनरल एज्युकेशनचा, म्हणजे मेजरबाहेरच्या सर्वसाधारण विषयांचा साचा, म्हणजे २०२५ च्या फॉल सत्रापासून आलेला कॅल-गेट्सी, हा तिसराच विषय. तो पुरा करण्याच्या नादात फिजिक्स मागे पडत असेल तर इंजिनीअरिंगवाल्याने फिजिक्स धरावं. बर्कलीचं इंजिनीअरिंग कॉलेज आपल्या मानव्यशास्त्रांच्या अटी वेगळ्याच ठेवतं.

महाराष्ट्रातून गेलेल्या पालकांच्या डोक्यात डिप्लोमानंतरचा थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश असतो. तिथे अख्खा डिप्लोमा एकगठ्ठा मोजला जातो. इथे हिशेब कोर्सागणिक, आणि कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री हातात असली तरी यूसीत तिने मेजरचा एकही कोर्स आपोआप सुटत नाही.

करारात ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. तुमच्या कॉलेजात तो कोर्सच नसेल तर ट्रान्सफरनंतर तो युनिव्हर्सिटीत करता येतो. शेजारच्या कॉलेजात मिळत असेल आणि तो मालिकेचा तुकडा नसेल तर तिथे घ्यावा. कोर्स केलाय पण करार नाही, किंवा कॉलेज दुसऱ्या राज्यातलं आहे, तेव्हा विभागाकडे अर्ज करून तो तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी आठवड्यागणिक विषय, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, प्रयोगशाळेचे तास असलेला सिलॅबस लागतो. हा सिलॅबस कोर्स चालू असतानाच पीडीएफमध्ये उतरवून ठेवा, कारण सत्र संपल्यावर कॉलेजचं ऑनलाइन पान बंद झालं की तो मिळवायला प्राध्यापकांच्या मागे लागावं लागतं.