‘इंडियाना जोन्स’ची पीएस-थ्री डिस्क मागण्याआधी हे वाचा

नवी पेठेतल्या आमच्या दुकानात जुने कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेमची मशीनं, दुरुस्त होतात आणि जुन्या ओरिजिनल डिस्कही मिळतात. त्यामुळे सोलापूरबरोबरच बार्शी-अक्कलकोटहूनही फोन येतात : “इंडियाना जोन्स अँड द स्टाफ ऑफ किंग्ज आहे का, पीएस-थ्रीचा?” नाही. आमच्याकडे नाही आणि इतर कुठेही मिळणार नाही, कारण पीएस-थ्रीची, म्हणजे प्लेस्टेशन ३ ची, ती डिस्क बाजारात आलीच नाही.

गोंधळ होतो, त्यात ग्राहकांची काही चूक नाही. सिनेमातल्या या नायकावरचा हा गेम लुकासआर्ट्स या गेम कंपनीनं आधी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठीच जाहीर केला होता. २००६ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात त्याची झलकही दाखवली. त्यात युफोरिया नावाचं तंत्र होतं. ठोसा बसलेला गडी दरवेळी एकाच ठरावीक पद्धतीनं पडायचा नाही; तोल सावरायला बघायचा, हाताला लागेल ते धरायचा. त्या काळात हे बघून डोळे विस्फारायचे! ते व्हिडिओ अजून यूट्यूबवर सापडतात, म्हणून गेम निघालाच असेल असं वाटतं. पण या दोन्ही आवृत्त्या रद्द झाल्या. २००९ मध्ये गेम आला तो निन्टेन्डो वी (Wii), प्लेस्टेशन २ आणि हातात धरून खेळायच्या पीएसपी व निन्टेन्डो डीएसवर. युफोरियाच अनुभवायचं असेल, तर २००८ चा ‘स्टार वॉर्स : द फोर्स अनलीश्ड’ पीएस-थ्रीवर खेळा, त्यात ते आहे.

आमचं मत विचाराल तर वीची आवृत्ती घ्या. रिमोट झटकला की पडद्यावर चाबूक फिरतो, शिवाय इंडियाना जोन्सचाच १९९२ चा ‘फेट ऑफ अटलांटिस’ हा अख्खा गेम त्याच डिस्कवर आहे.

पीएस-टूची डिस्क घेऊन पीएस-थ्रीत घालू, असा विचार असेल तर थांबा. सुरुवातीची काही जाड मॉडेलंच ती वाचतात. नंतरची स्लिम आणि सुपर स्लिम मॉडेलं वाचत नाहीत. मशीन दुकानात आणा, मागचा मॉडेल नंबर बघून लगेच सांगू. रीजनही, म्हणजे डिस्क आणि मशीन जगातल्या कोणत्या भागासाठी बनलंय तेही, जुळावं लागतं. आपल्याकडचे पीएस-टू पाल रीजनचे, त्यांच्यासाठीच्या या गेमच्या डिस्कचा नंबर ‘एसएलईएस’नं (SLES) सुरू होतो. ‘एसएलयूएस’ (SLUS) असेल तर ती अमेरिकेची, साध्या मशीनवर चालणार नाही. वीलाही रीजनचं बंधन आहे. पीएसपी आणि डीएसच्या गेमला नाही.

ऑनलाइन जाहिरातीत पीएस-थ्रीचं कव्हर दिसलं तरी ॲडव्हान्स पाठवू नका. कव्हर कुणालाही छापता येतं. आधी डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि आम्हाला व्हॉट्सॲप करा, बघायचे पैसे घेत नाही. खालची बाजू जांभळट दिसली तर ती घरी राइट केलेली कॉपी समजा. आणि यूपीआयनं पैसे देऊन फसला असाल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.