पार्श्वभूमी : एपॉक्सी चिवट झालं ते कसं

मिहान औद्योगिक क्षेत्रात बोईंग ७८७ विमानाचे फ्लोअर बीम बनू लागले, तेव्हापासून नागपुरात ‘कंपोझिट’, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेलं साहित्य, हा शब्द कॉलेजबाहेरही कानावर पडतो. कौतुक होतं ते कार्बन फायबरचं. तंतूंना धरून ठेवणाऱ्या एपॉक्सीसारख्या रेझिनला कोणी विचारत नाही, आणि तडा जातो तो बहुतेकदा तिथूनच.

एपॉक्सी विमानासाठी जन्मलंच नव्हतं. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान कवळीसाठी साहित्य शोधत होते. त्यांचं पेटंट सिबा कंपनीकडे गेलं आणि १९४६ मध्ये अराल्डाइट लोकांसमोर आलं. हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबमध्ये मिळतं तेच. रेझिन आणि हार्डनर मिसळले की रेणूंचं जाळं विणलं जातं. जाळं दाट, तर उष्णता जास्त सोसतं. पण ठिसूळपणाही वाढतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एमआयटीचे मॅकगॅरी यांनी हा ठिसूळपणा घालवण्यासाठी एपॉक्सीत द्रवरूप रबर मिसळून पाहिलं. हे बघण्यासारखं असतं. सुरुवातीला रबर पूर्ण विरघळलेलं, मिश्रण पारदर्शक. क्युअरिंग, म्हणजे जाळं विणून रेझिन कडक होणं, पुढे सरकतं तसं रबर बारीक थेंबांनी वेगळं पडतं आणि मिश्रण दुधाळ होतं. जेल झालं की थेंब जागीच अडकतात. सगळी मेख या वेळेत आहे: जाळं घाईने बांधलं गेलं, तर रबर विरघळलेलंच राहतं आणि रेझिन नुसतंच मऊ पडतं.

हे थेंब नेमकं करतात काय, ते १९८० च्या दशकात किनलॉक, यी आणि पिअरसन यांच्या कामातून उलगडलं. चिरेच्या टोकाशी थेंब आतून फाटून पोकळ होतात, भोवतालचं रेझिन ताणलं जातं आणि ऊर्जा तिथेच जिरते. खरं काम रेझिनच करतं, रबर फक्त त्याला मोकळीक देतं.

मात्र रबरामुळे ताठपणा घटतो, अनेकदा उष्णता सोसण्याची मर्यादाही. मे महिन्यात पारा ४५ वर नेणाऱ्या शहराला हा तोटा समजावून सांगायला नको. म्हणून मग नॅनोकडे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांकडे मोर्चा वळला. सुमारे १०० नॅनोमीटरचे कोअर-शेल कण (आत रबराचा गाभा, बाहेर कवच) आधीच घडवलेले असतात, त्यांचा आकार क्युअरिंगच्या लहरीवर ठरत नाही. १९९७ मध्ये मिनेसोटात हिलमायर, बेट्स आणि सहकाऱ्यांनी ब्लॉक कोपॉलिमर (वेगवेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडलेल्या साखळ्या) एपॉक्सीत आपोआप नॅनोरचना घडवतात हे दाखवलं. २० नॅनोमीटरच्या सिलिकाने तर ताठपणाही थोडा वाढतो.

तरी जाळंच अतिदाट असेल, तर रेझिनला ताणायला वावच नसतो, आणि महागडे कण घालूनही चिवटपणा फारसा वाढत नाही. त्यामुळे कणांच्या आधी हार्डनर आणि तापमानाचं वेळापत्रक ठरवावं लागतं.