पिनची दिशा कोण ठरवतं?

आर्डुइनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाचा पहिला प्रोग्रॅम लिहिताना ‘पिनमोड’ची ओळ आपण सवयीने टाकून देतो. पिन (चिपचा बाहेर जोडायचा पाय) इनपुट की आउटपुट, हे आधी सांगायचं कशाला? कारण एकाच पिनमागे दोन सर्किटं असतात. एक व्होल्टेज नुसतं वाचतं, दुसरं ट्रान्झिस्टर लावून पिनला सप्लायकडे किंवा ग्राउंडकडे ओढतं. वाचताना ओढणारं बंद हवं. नाहीतर बाहेरचा सिग्नल आणि आतला ट्रान्झिस्टर यांच्यात रस्सीखेच होते, आणि पिन जळू शकते.

१९७१ मध्ये आलेल्या इंटेल ४००४ प्रोसेसरवर पोर्ट, म्हणजे बाहेर जोडायच्या पिनांचे गट, नव्हते. ते होते सोबतच्या ४००१ या रॉम (कायमच्या मेमरीच्या) चिपवर, चार लाइन्सचे. कोणती लाइन आत येणारी आणि कोणती बाहेर जाणारी, हे चिप बनतानाच प्रोग्रॅमबरोबर मास्कमध्ये (चिप छापायच्या साच्यात) पक्कं व्हायचं. नंतर बदल नाही.

मोटोरोलाने ६८०० प्रोसेसरच्या जोडीला ६८२० ही चिप दिली आणि तिच्यात दिशेचं रजिस्टर (काही बिट साठवणारी छोटी जागा) ठेवलं: एका पिनला एक बिट, ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट. आता प्रोग्रॅम चालू असतानाही दिशा बदलता येऊ लागली. या साऱ्या प्रवासातली ही मला सर्वांत मोलाची कल्पना वाटते.

इंटेलच्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरने (प्रोसेसर, मेमरी आणि पोर्ट एकाच चिपवर; १९८०) मात्र ४० पिनांपैकी ३२ पोर्टला दिल्या, आणि दिशेचं रजिस्टर ठेवलंच नाही. पिनवर १ लिहिला की जोरकस ट्रान्झिस्टर क्षणभरच ओढतो, मग एक अशक्त पुल-अप (पिनला सप्लायकडे ओढणारा भाग) ती वर धरून ठेवतो. पिन आणि ग्राउंडमधलं बटण दाबलं की त्याला सहज हरवून पिन ग्राउंडला जाते. म्हणून वाचण्याआधी १ लिहायचा. आणि म्हणूनच ८०५१ वर एलईडी सप्लायकडून पिनकडे जोडतात आणि ० लिहून पेटवतात. १ च्या बाजूला तेवढा दमच नसतो. पोर्ट ० ला तर तोही पुल-अप नाही, रेझिस्टर बाहेरून लावावे लागतात.

पुढे पिक आणि एव्हीआर या दोन्ही मायक्रोकंट्रोलरांनी दिशेचं रजिस्टर ठेवलं, पण उलटसुलट: पिकमध्ये १ म्हणजे इनपुट, एव्हीआरमध्ये १ म्हणजे आउटपुट. एकाचा कोड दुसऱ्यावर नेताना हे आधी तपासावं. आर्डुइनोचं ‘पिनमोड’ एव्हीआरवर हाच बिट बदलतं.

रीसेटनंतर मात्र ८०५१, पिक, एव्हीआर तिघांच्याही पोर्ट पिना वाचण्याच्या स्थितीत असतात, कारण समोर काय जोडलंय हे चिपला तेव्हा ठाऊक नसतं.